उन्हाळ्यातला ताप, दोन अणकुचीदार दात आणि गर्भातला एक थर

रुग्ण आणि तक्रार

मुलगा, वय २ वर्षे ४ महिने. निफाड तालुक्यातलं द्राक्षबागायतदार कुटुंब. एप्रिल संपत आला असताना भर दुपारी त्याला नाशिकमधल्या आमच्या बालरुग्ण ओपीडीत आणलं. अंगात १०३ फॅरनहाइट ताप. सोबत आई, वडील, आजी आणि मागच्या दोन उन्हाळ्यांच्या कागदांची जाडजूड फाईल. (कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत.)

फाईलमधली गोष्ट थोडक्यात अशी. पहिल्या उन्हाळ्यात, पाच महिन्यांचा असताना, त्याला असाच ताप आला. एका रुग्णालयात दाखल केलं, रक्त, लघवी आणि पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं. सगळं स्वच्छ निघालं. तरी आठवडाभर अँटिबायोटिकची इंजेक्शनं झाली. दुसऱ्या उन्हाळ्यात दुसऱ्या ठिकाणी विडाल तपासणी १:८० आली, टायफॉईड ठरला आणि पुन्हा इंजेक्शनं झाली. आपल्याकडे एकट्या विडालवर टायफॉईड ठरवणं किती कच्चं आहे हे डॉक्टरांना ठाऊक असतं. पण अंग भाजणारं तान्हं मूल समोर असलं की कागदावर काहीतरी नाव लिहावंसं वाटतंच.

दोन्ही वेळा एक गोष्ट सारखी घडली होती आणि ती तापाच्या तक्त्यात लिहिलेलीही होती. दाखल केल्यावर काही तासांतच ताप उतरला होता. खोली वातानुकूलित होती. श्रेय मात्र इंजेक्शनला मिळालं. घरी गेल्यावर दुपारी ताप परत यायचा, पहाटे अंग गार असायचं. मृगाचा पाऊस पडला की तक्रार बंद, ती थेट पुढच्या मार्चपर्यंत. या फाईलमध्ये रिपोर्टांपेक्षा तारखा जास्त बोलत होत्या.

आईने आणखी एक गोष्ट सांगितली, जी आधी कुणी विचारली नव्हती. "सिरप दिलं काय न् नाही दिलं काय, सारखंच. ओलं फडकं गुंडाळलं का उतरतो." पॅरासिटामॉलने न हलणारा आणि ओल्या कापडाने उतरणारा ताप मुळात ताप नसण्याची शक्यता मोठी असते. जंतुसंसर्गात मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान मुद्दाम वर नेतो. पॅरासिटामॉल त्याने ठरवलेला तो आकडा खाली आणतं. इथे आकडा वर गेलेलाच नव्हता. शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नव्हती, म्हणून ते नुसतं तापत होतं.

तपासणी

पंखा आणि एसी चालू असलेल्या खोलीत उघड्या अंगाने अर्धा तास बसवल्यावर तापमान ९९.८ वर आलं. तोवर तो टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढत होता आणि आजीला नावाने हाक मारत होता. बोलणं, चालणं, समज, सगळं वयाला साजेसं. आवाज तेवढा घोगरा.

डोक्यावर विरळ, बारीक, पिंगट केस. भुवया जवळजवळ नाहीत, पापण्यांचे केस मोजके. डोळ्यांभोवतीची त्वचा काळसर आणि सुरकुतलेली. कपाळ पुढे आलेलं, नाकाचा दांडा बसका, ओठ जाड. अंगाची त्वचा पातळ आणि कोरडी. नाकात घट्ट, वास येणाऱ्या खपल्या. नखं ठीक. तोंडात वरच्या हिरडीला फक्त दोन दात, दोन्ही सुळ्यासारखे अणकुचीदार. या वयाला सोळाच्या आसपास दात अपेक्षित असतात.

केसांचं विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या, "जावळ काढायचं म्हणून दोनदा ठरवलं, पण काढायला होतं काय?" दातांबद्दल त्यांची काळजी वेगळीच होती. वरचे दात आधी आले म्हणजे ते मामाला जड जातात, असं आपल्याकडे मानतात. मुलाचा मामा तर ठणठणीत होता. पण मामाचा विषय निघाला म्हणून आईने सांगितलं की तिला आणखी एक भाऊ होता, थोरला. तो आठ महिन्यांचा असताना मे महिन्यात "ताप डोक्यात जाऊन" गेला. त्यालाही दात नव्हते का, केस कसे होते, हे आता सांगणारं कुणी उरलेलं नाही. समजुतीने बोट चुकीच्या कारणासाठी दाखवलं, पण दाखवलं ते मामाकडेच!

घामाचं विचारल्यावर तिघंही क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिले. एवढ्या उन्हात मुलाचा अंगरखा कधी ओला झाल्याचं कुणालाच आठवेना. लहान मुलाला घाम आला तर आई-वडिलांच्या लक्षात येतं, न आल्याचं येत नाही.

बोटाच्या पेरावर डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग, धरला. तिथल्या बारीक उंचवट्यांवर ओळीने टाचणीच्या टोकासारखी घामाची छिद्रं दिसायला हवीत. याच्या पेरांवर रेषा होत्या, छिद्रं नव्हती. तळहाताला आयोडीन लावून वर स्टार्चची पूड भुरभुरली. घाम आला की ही पूड निळी-काळी होते. ती पांढरीच राहिली. जबड्याच्या एक्स-रेमध्ये हिरडीखाली वाट पाहणारे दातांचे अंकुर असतात, तेही फार थोडे दिसले.

एका आजाराचा विचार इथे करावाच लागतो. जन्मजात वेदना न जाणवणं आणि घाम न येणं अशी जोडी असलेला एक दुर्मीळ विकार आहे. त्यातही उन्हाळ्यात असाच ताप चढतो. पण त्या मुलांच्या त्वचेत घामाच्या ग्रंथी असतात, त्यांना चालवणाऱ्या मज्जातंतूंचा पुरवठा नसतो. शिवाय ती मुलं स्वतःची जीभ आणि बोटं चावून घेतात. आमच्या रुग्णाने रक्त काढताना ओपीडी दणाणून सोडली. तो विकार बाजूला पडला.

निदान

केस, दात आणि घामाच्या ग्रंथी एकत्र कमी असणं म्हणजे हायपोहायड्रोटिक एक्टोडर्मल डिस्प्लेशिया. रक्ताच्या जनुकीय तपासणीत एक्स गुणसूत्रावरच्या ईडीए नावाच्या जनुकात दोष सापडला. आईच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकावर तोच दोष होता.

हा विकार आपल्या भागाला नवा नाही. चार्ल्स डार्विनने पाळीव प्राणी आणि वनस्पतींमधल्या बदलांवरच्या आपल्या ग्रंथाच्या १८७५ सालच्या आवृत्तीत सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकीकत नोंदवली आहे. चार पिढ्यांत दहा पुरुष, तोंडात मोजके दात, अंगावर केस कमी, उन्हाळ्यात त्वचेच्या कोरडेपणाचा फार त्रास. मुलींना हा त्रास होत नाही, पण त्यांच्या मुलांना होतो, हेही त्याने टिपलं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचं काम तोवर कुणाच्या खिजगणतीत नव्हतं आणि गुणसूत्रांचं तर नावही पडलेलं नव्हतं. ईडीए जनुक सापडायला १९९६ साल उजाडलं.

केस, दात, घाम यांचा एकमेकांशी संबंध काय?

हा प्रश्न वडिलांनी विचारला आणि प्रश्न रास्त होता. दात हाडासारखा, केस धाग्यासारखा, घामाची ग्रंथी म्हणजे वेटोळं घातलेली नळी. मोठ्या माणसाच्या शरीरात पाहिलं तर तिघांत काहीच समान नाही. संबंध शोधायला गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यात जावं लागतं.

आईची पाळी चुकते त्या सुमारास गर्भ म्हणजे मिलिमीटरपेक्षाही लहान चपटी चकती असते. गर्भधारणेपासून पंधराव्या दिवसाच्या आसपास तिच्या मागच्या टोकाकडे एक रेघ उमटते. तिला आदिरेषा म्हणतात. वरच्या थरातल्या पेशी या रेघेकडे सरकतात, तिथून आत बुडी मारतात आणि खाली पसरतात. आधी उतरलेल्या पेशींपासून सर्वांत खालचा अंतःस्तर बनतो, एंडोडर्म. मागून आलेल्या पेशी मधल्या जागेत पसरतात, तो मध्यस्तर किंवा मेसोडर्म. ज्या वरच राहिल्या त्या बाह्यस्तर, एक्टोडर्म. तिन्ही थर मुळात एकाच थरातून निघालेले. हे तीन थर कोंबडीच्या अंड्यात पहिल्यांदा ख्रिस्टियान पांडरने १८१७ साली वर्णन केले.

पुढे अंतःस्तर गुंडाळून अन्ननलिकेपासून आतड्यापर्यंतचं अस्तर होतो. त्यालाच फुटवे येऊन यकृत, स्वादुपिंड, थायरॉईड आणि फुप्फुसांचं अस्तर बनतं. मध्यस्तरातून हृदय, रक्त, स्नायू, मूत्रपिंडं, चेहरा सोडून बहुतेक सगळी हाडं आणि त्वचेचा आतला जाड भाग. बाह्यस्तरातून त्वचेचा वरचा पापुद्रा, केस, नखं, घामाच्या, तेलाच्या आणि दुधाच्या ग्रंथी, दाताचं एनॅमल, डोळ्याचं भिंग. शिवाय मेंदू आणि मज्जारज्जूसुद्धा.

ही वाटणी मोठ्या वयातही अंगावर दिसते. कानाचा पडदा तिन्ही थरांचा असतो: बाहेरून बाह्यस्तर, आतून अंतःस्तर, मध्ये मध्यस्तर. गुदद्वाराच्या आत एक दातेरी रेघ असते. तिच्या वरचं अस्तर अंतःस्तरातलं, खालचं बाह्यस्तरातलं, आणि दोन्हींच्या नसा वेगळ्या. म्हणून आतला मूळव्याध रक्त पाडतो पण सहसा दुखत नाही, आणि रेघेखालची बारीकशी चीर माणसाला बसू देत नाही.

तर वडिलांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे. मुलात जे जे कमी आहे ते सगळं बाह्यस्तरातून येतं. अश्रूंच्या ग्रंथी आणि नाकाचं अस्तरही त्यातलंच. म्हणून डोळे कोरडे आणि नाकात खपल्या. एवढं कळलं की वेगवेगळ्या पाच तज्ज्ञांकडे गेली असती अशी लक्षणं एका नावाखाली येतात. पाठ्यपुस्तकातला तीन थरांचा तक्ता आपण परीक्षेपुरता पाठ करतो. ओपीडीत त्याचा खरा उपयोग असा उलट्या दिशेने होतो. "या अवयवांमध्ये समान काय?" हा प्रश्न तो विचारायला लावतो.

मग मेंदू कसा सुटला?

पण पहिलं उत्तर पुरेसं नाही. बाह्यस्तरच बिघडला असता तर मेंदू आणि मज्जारज्जूही बिघडायला हवे होते. या मुलाची समज तर चोख आहे. उलट बाजूने पाहा: या विकारात श्वासनलिकेतल्या शेंबूड तयार करणाऱ्या ग्रंथीही कमी असतात, आणि श्वासनलिकेचं अस्तर अंतःस्तरातलं आहे. म्हणजे बाह्यस्तराचा सर्वांत मोठा अवयव शाबूत आणि अंतःस्तराचा एक भाग बाधित. आजाराच्या नावात 'एक्टोडर्मल' हा शब्द आहे, पण आजार त्या शब्दाचं पूर्णपणे ऐकत नाही.

याचं कारण कळायला थर बनण्यापाशी न थांबता पुढे काय होतं ते पाहावं लागतं.

बाह्यस्तराचा मधला पट्टा तिसऱ्या आठवड्यातच जाड होतो, त्याची पन्हळ होते, कडा मिटतात आणि साधारण अठ्ठाविसाव्या दिवशी मज्जानलिका बंद झालेली असते. त्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू. मिटणाऱ्या कडांवरून काही पेशी निसटतात, त्यांना न्यूरल क्रेस्ट म्हणतात. त्या लांबवर जातात आणि चेहऱ्याची बहुतेक हाडं, त्वचेतल्या रंगपेशी, आतड्यातल्या मज्जापेशी अशी कितीतरी वेगळी कामं अंगावर घेतात. दाताचं एनॅमल बाह्यस्तराच्या वरच्या पापुद्र्यातून बनतं, पण त्याखालचं डेंटिन आणि आतला गर या क्रेस्ट पेशींतून.

दात, केस आणि घामाच्या ग्रंथींची वेळ यानंतरची. दातांची सुरुवात सहाव्या आठवड्यात होते. केसांची तिसऱ्या महिन्यात. घामाच्या ग्रंथी तळहात-तळपायावर चौथ्या महिन्यात आणि बाकी अंगावर पाचव्या महिन्यात. तिघांची सुरुवात मात्र हुबेहूब सारखी. वरच्या पापुद्र्यातल्या काही पेशी एका ठिकाणी जमून जाडसर ठिपका करतात, त्याला प्लॅकोड म्हणतात. ठिपका खालच्या ऊतीला रसायनांनी खुणावतो, खालच्या पेशी त्याच्याभोवती गोळा होतात आणि उलट खुणा पाठवतात. या देवाणघेवाणीत ठिपका आत रुततो आणि त्याचा केस, दात किंवा ग्रंथी बनते. माशाचे खवले आणि कोंबडीची पिसंही अशाच ठिपक्यांतून सुरू होतात.

काय बनायचं, हे पुष्कळदा खालची ऊती ठरवते. उंदराच्या गर्भात योग्य वयाची दाताखालची ऊती घेऊन तिच्यावर पायाच्या तळव्याचं बाह्यस्तर ठेवलं, तरी तिथे दात तयार झाला. एकटा बाह्यस्तर दात बनवत नाही, एकटी खालची ऊतीही नाही. तक्त्यात आपण 'एनॅमल: बाह्यस्तर' असं लिहितो तेव्हा माल कुठून आला एवढंच सांगतो. अवयव कसा घडला हे त्यात येत नाही.

ईडीए जनुकाचं काम नेमकं या ठिपक्यापाशी आहे. ते एक प्रथिन बनवतं. ठिपक्यातल्या पेशींवर त्याचा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे त्याला पकडणारा रेणू, असतो. प्रथिन त्याला चिकटलं की ठिपका पक्का होतो आणि शेजारच्या ठिपक्यापासून योग्य अंतर राखतो. प्रथिन नसेल तर ठिपके उमटतच नाहीत किंवा उमटून विरतात. दाताच्या अंकुरात एनॅमल नॉट नावाचा छोटा गोळा दाताचे उंचवटे ठरवतो. इशारा कमी पडला की तो गोळा लहान राहतो आणि चपट्या दाताच्या जागी अणकुचीदार सुळका येतो. त्या दोन दातांचा आकार असा आला.

मज्जानलिकेला या इशाऱ्याची गरज नसते. ती बंद होते तेव्हा हे प्रकरण सुरूही झालेलं नसतं. श्वासनलिकेतल्या ग्रंथींना मात्र लागते. त्या अंतःस्तरातल्या असल्या तरी पापुद्र्यातून आत फुटणाऱ्या ग्रंथीच आहेत आणि हीच यंत्रणा वापरतात. या मुलात बिघडलेली गोष्ट म्हणजे एक ठरावीक इशारा, एका ठरावीक कालावधीत. बाधित अवयवांची यादी बाह्यस्तराशी बरीचशी जुळते, कारण तो इशारा वापरणारे बहुतेक अवयव त्या थरातले आहेत.

जाता जाता: याच ग्राहकाच्या जनुकातला एक बदल पूर्व आशियातल्या लोकांत खूप आढळतो. त्याने केस जाड होतात, पुढचे दात आतून फावड्यासारखे होतात आणि घामाच्या ग्रंथी वाढतात. आमच्या रुग्णात कमी पडलेले तेच तीन अवयव, इथे उलट दिशेने.

आईची पाठ

आई वाहक होती. तिला विचारलं तर म्हणाली, "मला काही त्रास नाही." वरचा एक दात लहानसा, खुंट्यासारखा आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी, एवढंच. पण उन्हाळ्यात बागेत काम करताना तिच्या पाठीला कुठे कुठे आग होते, हे तिने सहज सांगितलं होतं.

तिच्या पाठीला आयोडीन लावून, वाळल्यावर स्टार्च भुरभुरून, तिला थोडा वेळ गरम खोलीत बसवलं. पूड सगळीकडे काळी व्हायला हवी होती. काळे आणि पांढरे पट्टे उमटले. कण्याच्या दोन्ही बाजूंनी निघून मध्यरेषेवर इंग्रजी 'व्ही'सारखे खाली उतरणारे.

स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, पण गर्भाच्या अगदी सुरुवातीला प्रत्येक पेशी त्यातलं एक बंद करते. मेरी लायन या ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञाने हे १९६१ साली मांडलं. कोणतं बंद होईल ते त्या त्या पेशीपुरतं नशीब, पण एकदा ठरलं की त्या पेशीचा सगळा वंश तेच पाळतो. जिथे निरोगी एक्स चालू तिथे घामाच्या ग्रंथी, जिथे दोष असलेला चालू तिथे नाहीत. बाह्यस्तराच्या पेशी मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना पसरत त्वचा झाकत गेल्या, त्यांच्या वाटा अशा पट्ट्यांनी दिसतात. या रेषा आल्फ्रेड ब्लाश्को या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १९०१ साली नोंदवल्या. नसांच्या मार्गाशी त्या जुळत नाहीत, रक्तवाहिन्यांशीही नाहीत.

भ्रूणविज्ञान शिकवताना आपण काचपट्ट्यांवरचे छेद दाखवतो. एका बाईच्या पाठीवर तिच्या स्वतःच्या गर्भावस्थेचा नकाशा उमटलेला पाहणं हे त्या छेदांपेक्षा कितीतरी सरस आहे. आमच्या निवासी डॉक्टरांना बाह्यस्तराबद्दल मी नंतर वेगळं काही शिकवलं नाही.

घरच्यांना काय सांगितलं, आणि कोणाला आधी

निदान कागदावर सोपं असतं, घरात ते अवघड होतं. एक्स गुणसूत्रावरचा दोष आईकडून आला हे वाक्य एकत्र कुटुंबात उच्चारलं की पुढची वीस वर्षं ते सुनेच्या मागे लागू शकतं. म्हणून आधी आईशी एकटीशी बोललो. तिला दोष तिच्या जन्माआधीपासून मिळालेला आहे, खाण्यापिण्याने, कामाने किंवा कुठल्या चुकीने आलेला नाही, हे आधी पक्कं केलं. मग वडिलांना आणि आजींना बोलावलं. आजींनी अपेक्षित प्रश्न विचारलाच, "ग्रहणात हिने विळी हातात घेतली होती, त्यानं तर नाही ना?" नाही. ज्या बदलाने हे झालं तो ग्रहणाच्या कितीतरी आधी, आईच्या बीजांडातच होता. आजी थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे तिच्या भावाला पण हेच होतं." बहुधा होय. निदान त्या एका वाक्यात त्यांनी दोन पिढ्या जोडल्या.

वडिलांचा प्रश्न वेगळा होता. औषधाने आता ग्रंथी येणार नाहीत का? माणसाच्या अंगावर घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात आणि त्या सगळ्या जन्माआधीच तयार होतात. नंतर नव्या बनत नाहीत. मी हे समजावत असताना तेच म्हणाले, "आमच्यात एप्रिलची खरड छाटणी झाली की काडीत सूक्ष्मघड धरतात. तेव्हा नाही धरले, तर ऑक्टोबरात गोडी छाटणी करून कितीही खत घाला, घड निघत नाही." इतकं अचूक मला सांगता आलं नसतं.

तो काळ हुकायच्या आत काही करता येईल का, याचं उत्तर अलीकडे मिळू लागलं आहे. २०१८ साली जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉक्टरांनी तीन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. आईच्या पोटातल्या गर्भजलात ईडीए प्रथिन सुईने सोडलं: जुळ्यांना २६व्या आणि ३१व्या आठवड्यात, तिसऱ्या बाळाला २६व्या आठवड्यात. गर्भ गर्भजल गिळतो, प्रथिन त्याच्या रक्तात जातं. जन्मानंतर या मुलांना व्यवस्थित घाम येत होता. तेच प्रथिन जन्मलेल्या बाळांना देऊन पाहिलं होतं तेव्हा म्हणावा तसा फरक पडला नव्हता. पोटातल्या बाळाचा हा उपचार अजून चाचण्यांच्या पातळीवर आहे. या कुटुंबाला आशा लावण्यासाठी मी तो सांगितला नाही. वेळ का महत्त्वाची, हे त्यावरून पटतं म्हणून सांगितला.

पुढच्या बाळाबद्दल: प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, पण लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी करायला हाच कायदा परवानगी देतो. हे बऱ्याच डॉक्टरांनाही सांगावं लागतं.

उपचार

घाम उसना देता येत नाही, पण त्याचं काम पाणी करतं. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की शरीराला थंड व्हायला बाष्पीभवन सोडून दुसरी वाट नसते. ते पाणी आतून आलं काय आणि बाहेरून शिंपडलं काय, वाळताना सारखीच उष्णता घेऊन जातं. इथे नाशिकची कोरडी हवा कामाला येते. एप्रिल-मेमध्ये ओला सुती बनियन इथे भराभर वाळतो, म्हणून तो चांगला गार करतो. साधा वॉटर कूलरही पुरतो. मुंबईच्या दमट हवेत या दोन्हींचा उपयोग बराच कमी झाला असता.

म्हणून: मार्च ते जून घराबाहेर पडताना ओला बनियन, सोबत फवारणीची बाटली. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच बागेत नेणं बंद. वीज गेली तर ओली चादर. अंग तापलं तर आधी गार करायचं आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजायचं. गार करूनही उतरला नाही किंवा मूल मलूल दिसलं, तरच तो खरा ताप समजून डॉक्टरकडे. ही शेवटची ओळ मी ठळक लिहून दिली, कारण या मुलांनाही जंतुसंसर्ग होतोच, आणि प्रत्येक ताप उन्हाच्या माथी मारला तर ते उलट्या बाजूने महागात पडेल. डोळ्यांत कृत्रिम अश्रूंचे थेंब, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, त्वचेला मलम. अंगणवाडीताईंसाठी एक चिठ्ठी: पंख्याखाली बसवा, पाणी अंगावर घेतलं तर रागावू नका.

दातांचं काम लहान मुलांच्या दंततज्ज्ञांकडे. इथे पुन्हा तीच गोष्ट दिसते. जबड्याच्या हाडाचा जो कंगोरा दाताला धरून ठेवतो, तो दात असेल तरच वाढतो. दाताचा अंकुर नाही तिथे हाड पातळ, सुरीच्या धारेसारखं राहतं. त्यामुळे कवळी बसवायलाही आधार कमी. तरी चौथ्या वर्षी त्याला छोटी कवळी बसली. जबडा वाढेल तशी ती बदलावी लागणार. रोपणाचा विचार साधारणपणे वाढ पूर्ण झाल्यावर.

पुढे

निदानानंतरच्या उन्हाळ्यात त्याला एकदाही दाखल करावं लागलं नाही. पावसाळ्यात एकदा छातीत कफ होऊन खरा ताप आला. तेव्हा ओल्या कापडाने तो उतरला नाही, आईने फरक ओळखला आणि त्याच संध्याकाळी घेऊन आली.

उरलेला प्रश्न मावशीचा आहे. ती बावीस वर्षांची आहे, लग्नाची बोलणी चालू आहेत आणि ती वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. तपासणीला तिची स्वतःची तयारी आहे. लग्नाआधी करायची की नंतर, यावर घरात दोन मतं आहेत. मी तिला वेगळं बोलावून एवढंच सांगितलं आहे की तपासणी कधी करायची हे तिने ठरवावं, मात्र पहिल्या गरोदरपणाच्या आधी व्हावी, आणि अहवाल तिच्या हातात दिला जाईल, दुसऱ्या कुणाच्या नाही.